मुहूर्त १२:३५ चा आणि विमान रात्रभर ‘थोड्याच वेळात’

वर्धा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. लांब आहे, म्हणून ओळख पटेल असा मजकूर गाळून गोषवारा देते.

पुण्यात नणंदेच्या मुलीचं लग्न, मुहूर्त दुपारी १२:३५ चा. ताईंचे यजमान नवरीचे सख्खे मामा. बँकेत रजा मिळेना, म्हणून आदल्या रात्री ९:१० चं नागपूर–पुणे विमान धरलं. तिकिटं यजमानांच्या शाळासोबत्याने काढून दिली, त्याची गावात ट्रॅव्हल एजन्सी आहे. विमानतळावर ८:४० ला सांगितलं, १०:४० ला निघू. सव्वादहाला सांगितलं, १२:३० ला. रात्री १२:१० ला सांगितलं, ३:४० ला. आणि दोन वाजता, ‘ऑपरेशनल कारणामुळे’ उड्डाण रद्द. पर्याय मिळाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या विमानाचा. मधल्या वेळात पोटात गेलं ते एक सँडविच आणि पाण्याची छोटी बाटली. ‘रिफंड’वर बोट ठेवून अडीच वाजता १९,००० रुपयांची टॅक्सी केली. समृद्धी महामार्गाने संभाजीनगर, पुढे नगरमार्गे पुणे. पोचले दुपारी दोनला. अक्षता पडून गेल्या होत्या, नवरीच्या पाठीशी चुलतमामा उभा राहिला होता. वन्सं अजून नीट बोलत नाहीत.

रिफंड अद्याप हातात नाही. एजंट म्हणतो कंपनीने व्हाउचर दिलंय, पुढच्या वेळी वापरू. यजमान म्हणतात रिफंड घेतला तिथे विषय संपला, एवढ्या मोठ्या कंपनीशी कोण भांडणार. मुलगा म्हणतो पाच लाखांची केस टाका. ताई विचारतात, यातलं खरं काय? आणि शेवटी एक ओळ: ‘काउंटरवरच्या मुलीला मी नको ते बोलले, ते मनातून जात नाही.’

ताई,

पत्र वाचून आधी मी वही-पेन घेतलं आणि तुमच्या त्या रात्रीच्या वेळा एकाखाली एक लिहून काढल्या. तुम्हीही तेच करा, आजच करा. रागात सगळी रात्र एकच होऊन जाते. कागदावर उतरवली की दिसतं, कंपनीचं नेमकं कुठे चुकलं आणि कुठे ती नियमाच्या चौकटीत होती.

तुमच्या मनात दोन गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत. एक, मामा मुहूर्ताला नव्हता. दुसरी, तिकिटाचे पैसे. पहिलीची किंमत कुठल्याही नियमात लिहिलेली नाही, म्हणून यजमानांना वाटतं की भांडण्यात अर्थ नाही. मुलाला वाटतं की तीच किंमत पाच लाख. दोघेही एकाच घोळात आहेत, फक्त टोकं वेगळी.

आधी नियमाचं बघू. भारतात हा विषय डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीत आहे. ती २०१० पासून लागू आहे, पुढे तिच्यात दुरुस्त्या झाल्या. लोकांचा एक मोठा गैरसमज असतो की विमान उशिरा सुटलं की रोख भरपाई मिळते. देशांतर्गत प्रवासात नुसत्या उशिराला रोख रक्कम नाही. उशीर झाला तर खाणंपिणं, उशीर फार झाला तर पर्याय किंवा रिफंड, रात्रीचा असेल तर हॉटेल. रोख मोबदला येतो तो उड्डाण ऐनवेळी रद्द झाल्यावर, किंवा तिकीट असून विमानात घेतलं नाही तर. तुमचं प्रकरण संध्याकाळी ‘उशीर’ होतं आणि रात्री दोनला ‘रद्द’ झालं. म्हणजे दोन्ही खाती उघडली.

रद्दचं खातं सोपं आहे, आणि यजमानांचा समज इथे नेमका उलटा आहे. उड्डाण रद्द होणार असेल तर कंपनीने दोन आठवडे आधी कळवावं. ते जमलं नाही तर निदान चोवीस तास आधी कळवून, तुम्हाला मान्य असेल ते, दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड द्यावा. चोवीस तासांच्या आत कळवलं, तर एक तर तुम्हाला चालेल असं दुसरं विमान, नाही तर पूर्ण रिफंड आणि त्याच्या जोडीला मोबदला. ‘जोडीला’ हा शब्द लक्षात ठेवा. रिफंड घेतला म्हणून मोबदला बुडत नाही, उलट रिफंड घेणाऱ्यासाठीच तो आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान तुम्ही स्वीकारलं असतंत तर मोबदल्याचा प्रश्न संपला असता. लग्न दुपारी असताना संध्याकाळचं विमान तुम्हाला चालण्यासारखं होतं का, हे कंपनीलाही कळतं.

आता आकडा. उड्डाण एक तासापर्यंतचं असेल तर कमाल ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००. पण यात एक मेख आहे. ही रक्कम किंवा तुमचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी ते मिळतं. नागपूर–पुणे हे एक ते दोन तासांच्या गटात येतं. तुम्ही पाठवलेल्या तिकिटावर माणशी ५,४८० रुपये आहेत, त्यात मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून ४,३५०. बाकीचे कर आणि विमानतळ शुल्क. म्हणजे माणशी ४,३५०, दोघांचे ८,७००, आणि पूर्ण रिफंड १०,९६० तो वेगळा. एकूण १९,६६०. पाच लाख नव्हे, पण ‘विषय संपला’ही नव्हे. गंमत बघा, टॅक्सीला दिले जवळपास तेवढेच.

कंपनीने तुम्हाला मेलवर कळवलंय की ऑपरेशनल कारणं आमच्या नियंत्रणाबाहेरची असतात, सबब मोबदला देय नाही. हे उत्तर पाहून मला हसू आलं, कारण हा शब्द झाकण आहे, आत काय शिजतंय ते दिसू नये म्हणून ठेवलेलं. मोबदल्यातून सूट मिळते ती युद्ध, दंगल, पूर, नैसर्गिक आपत्ती, संप, सरकारी आदेश, खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाच्या अडचणी, सुरक्षेचा धोका अशा कारणांना. शेवटी ‘कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची इतर कारणं’ अशी शेपटीही आहे, आणि सगळे त्याच शेपटीला लटकतात. पण वैमानिकाचे ड्युटीचे तास संपले, केबिन कर्मचारी कमी पडले, आधीच्या फेरीचं विमान वेळेत आलं नाही, ही कंपनीच्या घरातली कामं आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले आणि डिसेंबरमध्ये नियोजन फसून देशभरात हजारो उड्डाणं रद्द झाली, ते आठवत असेल. नियम कधी लागू होणार हे आधी ठाऊक होतं. त्याला आभाळ कोसळलं म्हणत नाहीत.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न असा विचारा: ‘ऑपरेशनल म्हणजे नेमकं काय, ते लेखी कळवा.’ उद्या ते हवामान म्हणाले तर तेही तपासता येतं. प्रत्येक मोठ्या विमानतळावर ठरावीक अंतराने हवामानाची नोंद होते, तिला ‘मेटार’ म्हणतात, आणि जुन्या नोंदी इंटरनेटवर सापडतात. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, त्यामुळे धावपट्टी बंद होती असंही उत्तर येऊ शकतं. पण तुम्हीच लिहिलंय की दुसऱ्या एका कंपनीचं पुण्याचं विमान त्या रात्री पावणेअकराला सुटलं आणि मुलाने फलकाचा फोटो काढलाय. तो फोटो जपा. ज्या धावपट्टीवर ते उतरलं, तिच्यावर तुमचं का नाही, हे आता त्यांनी सांगायचं.

ताई, इथवरचा हिशेब कुणीही मांडून देईल. मला खरी बोचते ती १२:१० ची वेळ.

तेव्हा तुम्हाला सांगितलं की विमान ३:४० ला सुटेल. मूळ वेळ ९:१०. म्हणजे उशीर साडेसहा तासांचा. नियम सांगतो की देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर प्रवाशाला पर्याय द्यायला हवा: सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड. शिवाय रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांच्या वर उशीर असेल तर हॉटेलची सोय आणि तिथवर नेण्याआणण्याची जबाबदारीही कंपनीची. तुम्हाला यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. तुम्ही विचारलं नाही, कारण तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ते सोयीचं होतं. आता मघाचा कागद घ्या. अडीचला निघून तुम्ही दोनला पोचलात, साडेअकरा तास. सव्वाबाराला रिफंड घेऊन निघाला असतात तर पावणेबाराला मंडपात असतात. मुहूर्ताला पन्नास मिनिटं होती. मामा अंतरपाटाशी असता.

तुमच्या तक्रारीचा कणा हा आहे. विमान कुणाचंही रद्द होऊ शकतं. पण दीड-दोन तासांनी ‘थोड्याच वेळात’ म्हणत माणसाला बांधून ठेवायचं आणि जायचा हक्क मिळाला त्या क्षणी तो लपवायचा, ही सेवेतली त्रुटी आहे. ‘मानसिक त्रास झाला’ असं मोघम लिहिण्यापेक्षा हे दोन वेळांचं गणित लिहा.

खाण्याचंही त्यातच येतं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांच्या वर उशीर झाला की खाणंपिणं द्यायला हवं, तेही थांबण्याच्या वेळेच्या मानाने. पाच तासांना एक सँडविच हे कुठल्या मानाने, ते त्यांनाच विचारा. यात फार अडकू नका, एक वाक्य पुरे.

आता एजंट. इथे तुम्ही गप्प आहात ते ‘गावातला माणूस, यांचा मित्र’ म्हणून, हे ओळींमधून कळतं. पण नियम तुमच्या बाजूने आहे आणि मैत्री न बिघडवता वापरता येतो. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा रिफंड द्यायची जबाबदारीही विमान कंपनीचीच असते, एजंट तिचा प्रतिनिधी. पैसे व्हाउचरमध्ये ठेवायचे की परत घ्यायचे हे ठरवायचा अधिकार प्रवाशाचा, कंपनीने किंवा एजंटने परस्पर ठरवायचं नाही. त्यामुळे मित्राला एवढंच म्हणा, ‘भाऊ, व्हाउचर नको, कंपनीला मेल टाकतेय, तुमच्या नावाची तक्रार नाही, फक्त रिफंडचा व्यवहार कुठे अडलाय त्याचा पुरावा द्या.’ बहुतेकांचं व्हाउचर या वाक्यानंतर रोख होतं. त्याने स्वतःचा सेवा आकार कापला तर सोडून द्या, तो त्याच्या कामाचा आहे.

त्याच्याकडे गेलात की आणखी एक तपासा: बुकिंगमध्ये मोबाइल नंबर कोणाचा आहे? आपल्याकडे एजंट स्वतःचा नंबर टाकून मोकळे होतात. मग कंपनीचे मेसेज त्यांच्या फोनवर, आणि आपण विमानतळावर. संपर्काचा तपशील पुरेसा न देणाऱ्या प्रवाशाला मोबदला नाकारायची तरतूद नियमात आहे. तुमच्या बाबतीत ती टिकू नये, कारण तुम्ही बोर्डिंग पास घेऊन त्यांच्यासमोरच बसला होतात. पण उत्तर तयार असलेलं बरं. बाकी वाचकांनी मात्र तिकीट हातात आलं की पहिल्यांदा नंबर बघावा, सीट खिडकीची आहे का ते नंतर.

तक्रारीचा रस्ता असा. आधी कंपनीच्या नोडल, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या, अधिकाऱ्याला मेल. त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, कस्टमर केअरच्या चॅटमध्ये वेळ घालवू नका. मेल असा असू दे: ‘आमचा पीएनआर अमुक, तारीख तमुक. ९:१० चं उड्डाण रात्री २:०० वाजता रद्द केल्याचं कळवलं. दिलेलं पर्यायी विमान आम्हाला सोयीचं नसल्याने रिफंड मागितला. डीजीसीएच्या नियमानुसार पूर्ण रिफंड १०,९६० रुपये आणि मोबदला ८,७०० रुपये द्यावा. १२:१० वाजता साडेसहा तासांचा उशीर जाहीर केला तेव्हा रिफंडचा पर्याय व हॉटेल दिलं नाही, त्यामुळे टॅक्सीचा १९,००० रुपये खर्च होऊनही लग्नाचा मुहूर्त चुकला, तो खर्चही द्यावा. रद्द करण्याचं नेमकं कारण लेखी कळवावं.’ बास. राग नको, विशेषणं नकोत. सोबत तिकीट, बोर्डिंग पास, फलकाचा फोटो, टॅक्सीची पावती आणि लग्नपत्रिका जोडा. पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो, असा पुरावा शोधून सापडत नाही.

उत्तर आलं नाही किंवा तेच छापील आलं, तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. त्याबरोबर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. माझा अनुभव असा की रिफंड आणि ठरलेला मोबदला या टप्प्यावर बऱ्याचदा सुटतो. टॅक्सीचे पैसे सुटत नाहीत. नियमावलीत टॅक्सी नाही.

त्यासाठी ग्राहक आयोग, आणि इथे मुलाचं थोडं बरोबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे वर्ध्यात, नागपूरला किंवा कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे नकोत. वकील सक्तीचा नाही. आपण मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची. टॅक्सीच्या बाबतीत एक निकाल हाताशी ठेवा: अजमेर–जम्मू गाडी चार तास उशिरा पोचली, जम्मू–श्रीनगर विमान चुकलं आणि कुटुंबाला टॅक्सीने जावं लागलं. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला भरपाईतून सोडलं नाही. १५,००० टॅक्सीचे, १०,००० बुडालेल्या बुकिंगचे, मानसिक त्रासाचे आणि दाव्याच्या खर्चाचे प्रत्येकी ५,०००. उशिराचं कारण आपल्या हाताबाहेरचं होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी रेल्वेची, असं न्यायालय म्हणालं. तिथे रेल्वे होती, इथे विमान आहे, तेव्हा हा निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण तुमच्या टॅक्सीला यापेक्षा जवळचं उदाहरण मला ठाऊक नाही.

त्या निकालातला त्रासाचा आकडाही बघा. पाच हजार. मुलाला तो दाखवा. पाच लाख मागितले म्हणून मिळत नाहीत, उलट आयोगासमोर मागणी फुगवलेली दिसते आणि खरा मुद्दा त्याखाली दबतो. कायदा म्हणतो की तक्रार तीन महिन्यांत निकाली निघावी. प्रत्यक्षात वर्षही लागू शकतं, दोनही. यजमानांची बँक, तुमचं घर, तारखा, हे सगळं धरून ठरवा. मला विचाराल तर रिफंड आणि मोबदल्यासाठी नक्की लढा, त्याला चार मेल लागतात. टॅक्सीसाठी आयोगात जायचं की नाही ते, मेलला उत्तर काय येतं त्यावर. १२:१० च्या प्रश्नाला त्यांनी बगल दिली तर मी गेले असते.

तुम्ही लिहिलंय, ‘विमान म्हणजे वेळेवर, म्हणून तर जास्त पैसे दिले.’ ताई, रागावू नका, पण दिवसाचं शेवटचं विमान हे सगळ्यात कच्चं. तेच एक विमान सकाळपासून चार-सहा गावं हिंडत असतं, प्रत्येक ठिकाणचा अर्धा तास पुढे ढकलला जातो आणि रात्रीच्या फेरीवर साचतो. त्यानंतर दुसरं विमान नसतं, कर्मचाऱ्यांचे तास संपत आलेले असतात. पहाटेचं पहिलं विमान त्यामानाने भरवशाचं. आणि तुम्ही वर्ध्याच्या, तिथून पुण्याला थेट रेल्वेगाड्या आहेत. ज्याच्यावाचून मंगलाष्टकं अडतात त्या माणसाने एक दिवस आधी रेल्वेने जावं आणि बाकीच्या वऱ्हाडाने हवं तर विमानाने, असं मी माझ्या घरी तरी ठरवलंय. रजेचं गाऱ्हाणं मला कळतं. पण भाचीच्या लग्नाला एक दिवसाची रजा न देणारी बँक हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

परदेशात मुलं असलेल्या वाचकांसाठी थोडक्यात: युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणारं विमान कुठल्याही कंपनीचं असो, तीन तासांपेक्षा उशिरा पोचलं आणि कारण असाधारण नसेल तर रोख भरपाई मिळते, भारतासारख्या लांबच्या पल्ल्याला ६०० युरोपर्यंत. भारतातून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपीय संघातली असेल तरच. आणि कुठेही जोडविमान घेताना दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर ठेवा. स्वस्त पडतं म्हणून वेगवेगळी काढली तर पहिल्याच्या उशिराने दुसरं चुकलेलं तुमच्या गळ्यात.

राहिली काउंटरवरची मुलगी. तुम्ही तिला काय म्हणालात ते मी इथे छापलेलं नाही. रात्री दोन वाजता दीडशे चिडलेल्या माणसांसमोर जिला उभं करतात, तिला विमान का रद्द झालं हे बहुतेकदा तुमच्याइतकंच ठाऊक असतं. पुष्कळदा ती कंत्राटी असते. विमानतळावरच्या गैरवर्तनाची दखल तिथल्या सुरक्षा यंत्रणा घेऊ शकतात, तेव्हा नुसत्या व्यवहाराच्या दृष्टीनेही तिथे आवाज चढवणं महागात पडतं. तिच्याकडून एकच गोष्ट मागायची: ‘विमान रद्द झालं आणि कारण अमुक, असं लिहून शिक्का द्या.’ ते ती बहुतेक वेळा देऊ शकते. माफी मागायचीच असेल तर नोडल अधिकाऱ्याच्या मेलमध्ये शेवटी एक ओळ घाला, की त्या रात्रीच्या कर्मचाऱ्यांविरुद्ध आमची तक्रार नाही. ती ओळ तिच्यापर्यंत पोचेल न पोचेल, पण तिच्या नावावर ठपका तरी बसणार नाही.

आणि वन्सं. त्यांना तुमच्या वेळांचा तो कागद दाखवा. त्यांना बहुधा एवढंच ठाऊक आहे की ‘विमान उशिरा होतं’. रात्री साडेबारापासून दोनपर्यंत त्यांचा भाऊ कुठल्या खुर्चीत बसून कुठल्या फलकाकडे बघत होता, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

ता. क. एजंटकडे तुम्ही एकट्या जा. यजमानांना बरोबर नेलंत तर दोघे चहा पितील, दहावीच्या गप्पा मारतील आणि तुम्ही व्हाउचर घेऊन परत याल.